मणिकर्णिकेवर निसटलेलं पान

काशीला जायचं ठरलं तेव्हा आईची एकच अट होती. मणिकर्णिका घाटावर बसून एकनाथी भागवताचा शेवटचा, एकतिसावा अध्याय वाचायचा. देवळं, गल्ल्या, नौका, कचोरी हे सगळं नंतर.

तिच्या अटीला कारण होतं. नाथांनी हा ग्रंथ लिहायला घेतला पैठणला, पण पूर्ण केला काशीत, शके १४९५ म्हणजे इसवी सन १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला. मणिकर्णिकेच्या तीरावर तो पुरा झाला असं वारकरी परंपरा सांगते. भागवताच्या अकराव्या स्कंधावरच्या या टीकेत सुमारे १८,८०० ओव्या आहेत. माझ्या आजीनं त्याची किती पारायणं केली असतील याचा हिशेब घरात कुणाकडेच नाही.

आजीची जुनी प्रत आईनं मुद्दाम घरी ठेवली होती. "मोडेल गं प्रवासात, जुनी झाली आता," म्हणाली. त्याऐवजी नवी कोरी प्रत विकत घेतली. तांबडं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, भोवती चेन. दुकानात ती हातात घेतल्यावर आम्हा दोघींनाही वाटलं होतं, काय देखणी आहे!

मणिकर्णिका हे महास्मशान. लाकडांच्या राशी, धूर, खांद्यावर तिरडी घेऊन गल्लीतून उतरणारी माणसं. तिथे चितांच्या शेजारी कुणी ग्रंथ वाचत बसत नाही. आम्ही कुंडाच्या अंगाला, शिंदे घाटाकडच्या पायऱ्यांवर जागा शोधली. मराठी माणसाला या भागात फार परकं वाटत नाही. मणिकर्णिका अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढलेला, शेजारचा घाट ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा, थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचा. सकाळची वेळ होती, नदीवरून गार, ओलसर वारा येत होता.

आईनं ग्रंथ मांडीवर उघडला आणि तो आपोआप मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग तिनं अंगठ्यानं मधोमध जोरानं दाबलं. काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि चार पानं सुटून तिच्या हातात आली. त्यातलं एक वाऱ्यानं उचललं, पायऱ्यांवरून घसरत खाली चिखलात गेलं.

एका नावेतल्या मुलानं ते उचलून आणून दिलं. आई आधी रडकुंडीला आली, मग हसली. काशीतल्या पंडितांनी नाथांची प्राकृत पोथी गंगेत टाकली आणि गंगेनं ती वर धरली, अशी कथा कीर्तनात सांगतात. "त्यांची पोथी वर आली, आपलं पान चिखलातून आलं," आई म्हणाली. अध्याय तिनं सुटी पानं गुडघ्याखाली दाबून वाचला. पण परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. इतके पैसे घालून, इतक्या हौसेनं घेतलेला ग्रंथ पहिल्याच वाचनाला का मोडावा?

या प्रश्नाचं उत्तर मला पुण्यात मिळालं, अप्पा बळवंत चौकापासून जवळच्या एका बोळात, दहा बाय दहाच्या खोलीत बसणाऱ्या एका बाइंडरकाकांकडे. मी आईची नवी प्रत आणि आजीची जुनी प्रत, दोन्ही घेऊन गेले होते. त्यांच्या टेबलावर तिसरं एक पुस्तक आधीच होतं: काळ्या कातड्याच्या बांधणीचं मराठी बायबल, पुष्कळ वर्षं वापरलेलं. कोपरे झिजून पांढरे पडलेले, कण्याचं कातडं वरच्या बाजूला फाटलेलं.

काकांनी तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, यातलं सगळ्यात आजारी कोण?"

मी बायबलाकडे बोट दाखवलं. ते हसले. त्यांनी बायबल मधोमध उघडलं आणि हात काढून घेतला. ते तसंच उघडं पडून राहिलं, थाळीसारखं सपाट. मग पानांच्या मधल्या घडीत त्यांनी नख फिरवलं. तिथे पांढरा दोरा दिसत होता. "याचा अंगरखा फाटलाय. हाडं शाबूत आहेत. तुमच्या नव्याला हाडंच नाहीत."

त्यांनी मग नीट समजावलं. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पृष्ठांची एक चळत होते. बाइंडर तिला जुज म्हणतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक जुज घडीतून दोऱ्यानं शिवतात आणि तोच दोरा पुढच्या जुजात नेऊन सगळी चळत एकमेकीला बांधतात. तिला जुजबांधणी म्हणतात. नव्या स्वस्त पद्धतीत या घड्या कापूनच टाकतात. सुटी झालेली पानं एकावर एक रचून कण्याला गरम गोंद लावतात आणि वर पुठ्ठा चिकटवतात. एकदा वाचून ठेवायच्या कादंबरीला ते चालतं. पण रोज उघडायच्या, पाटावर किंवा व्यासपीठावर सपाट ठेवायच्या, वर्षानुवर्षं हाताळायच्या ग्रंथाचा सगळा ताण त्या गोंदाच्या पातळ थरावर येतो. गोंद थंडीत ताठरतो, जुना झाला की ठिसूळ होतो. आम्ही तर त्याला कार्तिकातल्या सकाळी गंगेकाठी दाबलं होतं.

आजीची प्रत जुजबांधणीची होती. वरचं कापड विटलं होतं, पुठ्ठा एका बाजूनं सुटला होता, आतलं एकही पान हललं नव्हतं.

एवढ्यात त्या बायबलाच्या मालकीणबाई आल्या. नाशिकच्या शरणपूर भागात वाढलेल्या, निवृत्त शिक्षिका. बायबल त्यांना लग्नात सासूबाईंनी दिलेलं. त्यांनी मला पहिलं कोरं पान दाखवलं. त्यावर वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांत घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले होते. शेवटची नोंद नातीच्या जन्माची. त्या नातीचं आता लग्न ठरलं होतं आणि आजीला तिला असंच, कातडी बांधणीचं बायबल द्यायचं होतं. दुकानात पाहिलेल्या प्रतींचे फोटो त्यांनी फोनवर काढून आणले होते. "यातलं कुठलं टिकेल, सांगा."

काकांनी फोटो बाजूला सारले. "फोटोत बांधणी दिसत नाही, बाई. हातात घ्यावं लागतं."

दुकानात उभं राहून काय पाहाल?

पुढचा अर्धा तास मी नुसती ऐकत होते. त्यातलं बहुतेक कुठल्याही धर्मग्रंथाला लागू पडतं, म्हणून लिहून ठेवलं.

पुस्तक मिटलेलं असताना कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. जुजं शिवलेली असतील तर छोट्या छोट्या कमानी एकापाठोपाठ एक दिसतात. कापून चिकटवलेलं असेल तर सरळ, सपाट कडा दिसते. तिथे अनेकदा एक रंगीत पट्टी लावलेली असते. तिला भुलू नका, ती शोभेची असते आणि गोंदाच्या पुस्तकालाही लावतात. मग पुस्तक साधारण मध्यावर उघडा आणि थोडी पानं पुढे-मागे उलटून दोरा शोधा. दर सोळा किंवा बत्तीस पृष्ठांनी घडीच्या मधोमध दोरा दिसायलाच हवा. आणि शेवटी, अगदी पहिल्या काही पानांवर पुस्तक उघडून टेबलावर ठेवा, हात काढा. मध्यावर पुष्कळ जाड पुस्तकं उघडी राहतात. पहिल्या पानांवर उघडं राहिलं तर बांधणी खरंच मोकळी आहे.

दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या.

कातड्याची गोष्ट वेगळी. बायबलाच्या वेष्टनावर 'लेदर' हा शब्द पाहून माणूस निर्धास्त होतो, पण त्या शब्दाखाली बरंच काही खपतं. 'बॉन्डेड लेदर' म्हणजे कातड्याचे तुकडे आणि चुरा दळून, रसायनात कालवून थापलेला पत्रा. नवा असताना तो खऱ्या कातड्यासारखाच दिसतो. काही वर्षांत घडीवर त्याचे पापुद्रे निघू लागतात. 'पीयू' म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर, त्यात कातडं औषधालाही नसतं. खऱ्या कातड्यांत बकऱ्याचं कातडं बांधणीला सगळ्यात चांगलं मानतात, कारण ते मऊ असूनही चिवट असतं आणि त्याचा नैसर्गिक खडबडीतपणा ओरखडे झाकतो. वासराचं कातडं गुळगुळीत आणि देखणं, पण त्यावर नखाचा ओरखडाही दिसतो.

कातडं खरं असलं म्हणजे काम झालं असंही नाही. ते कमावलं कसं, यावर त्याचं आयुष्य ठरतं. आपल्याकडे हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल वापरून कातडं कमावायची जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून अशी कातडी विलायतेला जहाजं भरभरून जात आणि तिथल्या पुस्तकांवर चढत. पुढे ती पुस्तकं हाताला लाल भुकटी लावू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्याची कारणं शोधायला समिती नेमली. तरवडासारख्या सालींनी कमावलेलं कातडं पुस्तकांसाठी लवकर खराब होतं, असं तिच्या तपासात दिसून आलं. कोळशाच्या गॅसच्या दिव्यांचाही त्यात हात होताच. काकांकडे तशी एक दोन जुनी पुस्तकं होती. बोट फिरवलं की कुंकवासारखी पूड लागायची.

बाईंनी विचारलं, "मग मी घेऊ काय?"

काकांचं उत्तर मला फार आवडलं. मराठीत हव्या त्या भाषांतराचं, हव्या त्या अक्षराचं आणि उत्तम कातड्याचं बायबल तयार मिळेलच असं नाही. म्हणून त्यांनी सुचवलं, साध्या पुठ्ठ्याची पण शिवलेली प्रत घ्या. पुठ्ठा मी उतरवतो आणि कातडं चढवतो. सोनेरी चेनवाल्या प्रतीवर खर्च करण्यापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतील.

कातडं नको असेल तर

आमच्या घरात हा प्रश्नच नव्हता. देवघरातल्या ग्रंथाला कातडं चालत नाही, आजीनं तर कातडी पट्ट्याचं घड्याळही काढून ठेवून पारायण केलं. पण म्हणून रेक्झिन हा एकच पर्याय उरत नाही. रेक्झिन उन्हाळ्यात चिकट होतं, घड्यांवर तडकतं. जाड सुती कापडाची बांधणी कितीतरी वर्षं टिकते, आणि विटली की बदलता येते.

आपल्या जुन्या पोथ्यांनी तर बांधणीचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सोडवला होता. आडवी लांब सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती दोरी आणि मग रुमालात गुंडाळायचं. 'बासनात गुंडाळणं' हा वाक्प्रचार आपण आज एखादं काम कायमचं बाजूला टाकण्यासाठी वापरतो, पण ते बासन मुळात पोथी जपण्यासाठी होतं. सुटं पान पाटावर सपाट पडतं, वाचून झालं की उलटून ठेवायचं. कणाच नाही, तर मोडणार काय? तोटा एकच, पोथी हातातून पडली की पानं लावत बसा. म्हणून समासात अध्यायाची खूण आणि पानाचा आकडा लिहीत. गुरुचरित्रासारख्या ग्रंथांच्या अशा सुट्या पानांच्या छापील पोथ्या आजही मिळतात.

हातानं नकला करणाऱ्या लेखनिकांना पुस्तकाचे शत्रू चांगले ठाऊक होते. अनेक पोथ्यांच्या शेवटी एक संस्कृत श्लोक आढळतो, त्यात पुस्तकच वाचकाला विनवतं. तेल, पाणी आणि मूर्खाचा हात यांच्या जोडीला तिथे सैल बांधणीचंही नाव आहे. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, आमचा धंदा किती जुना."

पुस्तकं जगणं-मरणं किती लहरी असतं याचं उदाहरण आपल्या भाषेतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. बायबलातली कथा आणि आपला ओवी छंद, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. काव्य आपल्यापर्यंत पोचलं ते हातानं उतरवून घेतलेल्या नकलांमुळे.

आत काय छापलंय?

बांधणीच्या नादात हे राहून जातं, आणि खरं तर ते आधी पाहायला हवं.

नाथांनीच याचा धडा घातला आहे. ज्ञानेश्वरी लिहून जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. नकलांवर नकला होत पाठ बिघडत गेला होता. नाथांनी प्रती ताडून पाहून शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. तेव्हा आपणही प्रत घेताना ती कुणी संपादित केली आहे, कुठल्या पाठावरून, हे पहिल्या पानावर पाहावं. ज्या प्रतीवर संपादकाचं नावच नाही, ती मी परत ठेवते.

बायबलाच्या बाबतीत प्रश्न भाषांतराचा आणि पंथाचा. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलात ६६. ज्याला भेट द्यायची तो कुठल्या चर्चमध्ये जातो आणि तिथे कुठलं भाषांतर वाचतात, हे आधी विचारा. शिक्षिका बाईंना पंडिता रमाबाईंच्या भाषांतराबद्दल विशेष माया होती. रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्या कामाला दिली आणि काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवला. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं, १९२४ मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झालं. बाई म्हणाल्या, "माझ्या आजीकडे ते होतं. कुणीतरी वाचायला नेलं, परत आलं नाही." असं प्रत्येक घरात एक पुस्तक असतं.

आता कागद. बायबलाला पातळ कागद वापरतात, नाहीतर एवढा मजकूर एका हातात मावणार नाही. पण पातळ म्हणजे आरपार दिसणारा नव्हे. एक पान उचलून उजेडात न धरता, नुसतं पुढच्या पानावर टेकवून वाचा. मागची अक्षरं डोळ्यांत घुसत असतील तर रोजच्या वाचनाला ते त्रासाचं होईल. आमच्या आईला तर अक्षराचा आकार सगळ्यात महत्त्वाचा. चष्मा लावून, घरात असतो तेवढ्याच उजेडात एक पूर्ण पान वाचून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच वाचता येतं.

नवी प्रत घरी आणल्यावर आईनं केली ती चूक करू नका, मधोमध दाबू नका. पुस्तक कण्यावर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे टेबलावर आडवे टेका. मग सुरुवातीची थोडी पानं आणि शेवटची थोडी पानं, आलटून पालटून, तळव्यानं हलकेच दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यानं कणा सगळीकडे सारखा सैल होतो.

पावसाळ्यात कातडी ग्रंथ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा आणि अधूनमधून सावलीत, वाऱ्यावर उघडा. खोबरेल तेल चोळून कातडं चमकवण्याचा मोह टाळा, तेल कागदात उतरतं. कसरीसाठी आजी कापडाच्या घडीत वेखंडाचा तुकडा ठेवायची. काका खळीत चिमूटभर मोरचूद घालतात.

शिक्षिका बाईंनी पुढच्या आठवड्यात मोठ्या अक्षराची, शिवलेली, साध्या पुठ्ठ्याची प्रत आणून दिली. तिला काळं बकऱ्याचं कातडं चढलं, वर सोनेरी काही नाही, फक्त पुढे दोन कोरी पानं जास्तीची घातली. त्यातल्या पहिल्यावर नातीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव लिहायचं आहे, आणि पुढची जागा मोकळी.

आजीच्या प्रतीला काकांनी नवा पुठ्ठा आणि तांबडं सुती कापड घातलं, शिलाईला हातही लावला नाही. तांबडी चेनवाली प्रत त्यांनी पुन्हा चिकटवून देऊ केली, पण आईला ती नको होती. तिनं त्यातलं एकच पान ठेवून घेतलं, मणिकर्णिकेच्या चिखलाचा डाग पडलेलं. ते आता आजीच्या प्रतीत एकतिसाव्या अध्यायापाशी खूण म्हणून आहे.